दारू मेंदूच्या पेशींचं काय करते, आणि त्या पेशी माणसाला पुन्हा का प्यायला लावतात

तुम्ही लिहिलंय की नवरा गेली बारा-तेरा वर्षं भरपूर पितो, अधूनमधून स्वतःहून बंद करतो, दीड-दोन महिने चांगला राहतो आणि विशेष काही घडलेलं नसताना पुन्हा सुरू करतो. डॉक्टरांनी ‘मेंदूवर परिणाम झालाय’ एवढंच सांगितलं. तो परिणाम म्हणजे नेमकं काय? पेशी मरतात का, मेलेल्या परत येतात का? मेंदू बिघडलाय म्हणून तो पितो, की पितो म्हणून मेंदू बिघडलाय? आणि पूर्ण बरा झाल्यावर कधीतरी थोडी घेतली तर चालेल का?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझं बहुतेक काम व्यसनाच्या रुग्णांबरोबरच झालंय. तुमच्या प्रश्नांपैकी ‘बिघडलाय म्हणून पितो की पितो म्हणून बिघडलाय’ हा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, आणि ते कसं, हे आता पेशीच्या पातळीवर बऱ्यापैकी दाखवता येतं. दारूने मेंदूतल्या काही पेशींची रचना बदलते. त्यांत ‘हे पुन्हा कर’ असं सांगणाऱ्या पेशी असतात. त्या जोमदार झाल्या की माणूस जास्त पितो, आणि जास्त प्यायला की त्या आणखी जोमदार होतात. बाकीचं उत्तर याच्याभोवतीच आहे.

आधी पेशी मरण्याचं बघू, कारण ती भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह हार्पर आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये, वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांच्या कपाळामागच्या वरच्या भागात मज्जापेशी सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळल्या होत्या. पुढे १९९३ मध्ये डेन्मार्कच्या जेन्सन आणि पाकेनबर्ग यांनी मोजणीची वेगळी पद्धत वापरून मेंदूचं संपूर्ण बाह्यक, म्हणजे त्याचा बाहेरचा थर, तपासलं, तेव्हा एकूण पेशींच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. घटलेला होता तो मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या लांब तंतूंचा भाग. हार्पर यांच्या कामातही पांढऱ्या भागाची घट होतीच. दोन्ही एकत्र वाचलं तर काही ठिकाणी पेशी खरोखर जातात, कपाळामागचा भाग त्यांतला एक. पण सरसकट पेशींचा संहार होतो आणि म्हणून मेंदू आक्रसतो, हे चित्र बरोबर नाही. आक्रसण्यातला मोठा वाटा तंतूंचा आणि पेशींना झाडासारख्या फुटलेल्या फांद्यांचा असतो, आणि पेशी जिवंत असेल तर हे दोन्ही पुन्हा वाढू शकतात.

याला एक गंभीर अपवाद आहे. जास्त पिणाऱ्यांचं जेवण कमी होतं, आणि दारूमुळे आतड्यातून थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, नीट शोषलं जात नाही. थायमिन फार घटलं की मेंदूच्या खोल भागांतल्या पेशी थोड्या दिवसांत मरू शकतात. डोळ्यांच्या हालचाली विचित्र होतात, तोल जातो, माणूस गोंधळतो. कार्ल वेर्निक यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं. त्यातून वाचलेल्यांची नवीन काही लक्षात ठेवण्याची ताकद कायमची जाऊ शकते. त्या स्मृतिभ्रंशाचं वर्णन पुढे सर्गेई कोर्साकोव्ह यांनी केलं. तिन्ही लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, अनेकदा नुसता गोंधळलेपणाच दिसतो आणि घरचे समजतात की जास्त झाली असेल. हे टाळता येणारं नुकसान आहे. दारू न पिताही तुमचे पती असे वागताना दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि ‘थायमिन दिलंय का’ हे तोंडाने विचारा. गंभीर अवस्थेत ते इंजेक्शनने द्यावं लागतं. अशा वेळी गोळ्या पुरत नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. प्रत्येक पेशीला झाडासारख्या फांद्या असतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात, आणि अनेक प्रकारच्या पेशींत या फांद्यांवर अतिशय बारीक काटे असतात. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये कोंबडीच्या लहान मेंदूचे रंगवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे काटे दाखवून दिले. रंगाच्या प्रक्रियेत राहिलेला कचरा असेल, अशी शंका तेव्हा अनेकांनी काढली होती. तो कचरा नव्हता. मज्जापेशीकडे येणारे उत्तेजक संदेश बहुतांशी याच काट्यांवर उतरतात.

सगळे काटे सारखे नसतात. काही लांब, बारीक, कच्चे असतात. ते येतात आणि जातात. काहींचं डोकं फुगलेलं, छत्रीसारखं असतं, म्हणून त्यांना अळंबीच्या आकाराचे काटे म्हणतात. हे परिपक्व काटे. त्यांच्यावर ग्लुटामेट हे उत्तेजक संदेश आणणारं रसायन टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) जास्त असतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत आलेला संदेश पेशीला जोरात ऐकू येतो, आणि असे काटे बरेच दिवस टिकतात. आपण काहीही शिकतो, म्हणजे सायकल चालवायला किंवा एखादा रस्ता ओळखायला, तेव्हा कुठेतरी कच्च्या काट्यांतले काही पक्के होत असतात. स्मृतीला मेंदूत जे शरीर असतं, त्याचा एक मोठा भाग हा आहे.

दारूच्या बाबतीत हे काटे कुठे पक्के होतात? मेंदूच्या आत खोल स्ट्रायटम नावाचा भाग आहे. एखादी कृती करायची की नाही याचा निवाडा तिथे होतो. तिथल्या बहुसंख्य पेशी दोन प्रकारच्या असतात आणि दोन्ही डोपामाइन या संदेश पोचवणाऱ्या रसायनाला प्रतिसाद देतात, पण वेगवेगळ्या ग्राहकांमार्फत. डी१ ग्राहक असलेल्या पेशी कृतीला पुढे ढकलतात. डी२ ग्राहक असलेल्या पेशी कृतीला आवरतात. प्रत्यक्षात या दोघी एकाच वेळी काम करतात, त्यामुळे एक चांगली आणि दुसरी वाईट असं नाही. पण ढोबळमानाने डी१ म्हणजे ‘कर’ आणि डी२ म्हणजे ‘थांब’ असं धरून चालायला हरकत नाही.

२०१५ मध्ये जून वांग, डोरिट रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचं एक काम ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. उंदरांना काही काळ भरपूर दारू पिऊ द्यायची, मग काढून घ्यायची, पुन्हा द्यायची. (हा उघडझाप पद्धतीचा पुरवठा मुद्दाम असतो. सतत समोर ठेवलेल्या दारूपेक्षा मिळते-जाते अशी दारू प्राणी जास्त पितात. तुमच्या पतींच्या बंद-सुरूच्या चक्राबद्दल पुढे बोलणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.) नंतर स्ट्रायटमच्या आतल्या बाजूच्या भागातल्या डी१ आणि डी२ पेशी वेगवेगळ्या तपासल्या. डी१ पेशींच्या फांद्या अधिक पसरलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर परिपक्व, अळंबीच्या आकाराच्या काट्यांचं प्रमाण वाढलेलं होतं. त्यांच्याकडे येणारे ग्लुटामेटचे संदेशही बळकट झाले होते. शेजारच्याच डी२ पेशींत हे बळकट होणं दिसलं नाही. त्या भागातले डी१ ग्राहक औषधाने अडवले तर प्राणी कमी प्यायले. डी२ ग्राहक अडवून तसा फरक पडला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मला आजही अस्वस्थ करतो. आपण धरून चालतो की व्यसनी मेंदू झिजलेला, कमजोर झालेला असतो. इथे उलट दिसतं. एक विशिष्ट मंडल, म्हणजे एकमेकींशी जोडलेल्या पेशींचं जाळं, वाढलेलं, भरलेलं, जास्त चांगलं ऐकणारं झालंय. दारूचा वास, संध्याकाळची वेळ, ठराविक मित्राचा फोन, ठराविक खुर्ची हे संदेश पूर्वीही येत होते. आता ते ज्या पेशीवर पडतात, तिला ते कितीतरी मोठ्याने ऐकू येतात, आणि ती पेशी ‘कर’ म्हणणारी आहे.

पुढच्या दोन वर्षांत त्याच दिशेने आणखी काम झालं आणि दुसरी बाजू पुढे आली: जास्त दारू प्यायलेल्या प्राण्यांत डी२ पेशींवर येणारे दाबणारे, म्हणजे गाबा या रसायनाचे, संदेश वाढतात. ‘कर’ मोठा होतो आणि ‘थांब’ दबतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला जातो.

पण एवढ्यावरून ‘पेशी बदलल्या म्हणून प्राणी प्यायले’ हे सिद्ध होत नाही. कदाचित प्यायल्यामुळे बदल झाले असतील आणि त्या बदलांचा पुढच्या पिण्याशी काही संबंध नसेल. तुमचा प्रश्न नेमका हाच आहे. त्याचं थेट उत्तर २०१८ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलं. जून वांग यांच्या गटाने, दारू मिळवायला आधीच शिकलेल्या उंदरांच्या मेंदूत पुढच्या भागाकडून स्ट्रायटमकडे येणाऱ्या जोडण्या प्रकाशाच्या साहाय्याने मुद्दाम बळकट केल्या, किंवा मुद्दाम कमजोर केल्या. तेव्हा दारू दिली नाही, फक्त जोडणीचा जोर बदलला. जोर वाढवला तर दारू मिळवण्याची धडपड वाढली, कमी केला तर ती घटली, आणि हा परिणाम प्रकाश बंद केल्यावरही बरेच दिवस टिकला. म्हणजे जोडणीतला बदल हा पिण्याचा फक्त परिणाम नाही, तो पुढच्या पिण्याचं कारणही आहे.

हे सगळं उंदरांतलं आहे, हे मी रुग्णांनाही सांगतो. जिवंत माणसाच्या मेंदूतले काटे मोजण्याची सोय आपल्याकडे नाही. माणसांत जे पाहता येतं ते वेगळ्या प्रकारचं असतं: मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतले ग्राहक दाखवू शकणाऱ्या तपासणीत, दारूचं व्यसन असलेल्यांच्या स्ट्रायटममध्ये डी२ ग्राहक कमी दिसतात, हे नोरा व्होल्कॉव्ह यांच्या गटाने १९९०च्या दशकातच दाखवलं. चित्र एकमेकांशी जुळतं, पण प्रत्येक बारकावा माणसात तसाच असेल असं धरू नका.

२०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. यकृतात दारूचं विघटन होऊन शेवटी ॲसिटेट तयार होतं. हे ॲसिटेट रक्तातून मेंदूत पोचतं आणि पेशीच्या केंद्रकात, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनांना चिकटवलं जातं. त्यामुळे काही जनुकं अधिक जोरात वाचली जातात, आणि त्यांत शिकण्याशी आणि स्मृतीशी संबंध असलेली जनुकं आहेत. उंदरांत हे चिकटवणारं एन्झाइम कमी केलं तर दारूशी जोडलेली जागा त्यांना तितकीशी ओढून घेईना. दारू एखादी गोष्ट शिकवते, आणि ती शिकवण पक्की करायला लागणारा कच्चा मालही तिच्याचपासून तयार होतो. दुसऱ्या कुठल्या सुखाच्या बाबतीत असं घडतं असं मला माहीत नाही.

यातून रुग्णांचं एक वाक्य समजतं. ‘डॉक्टर, आता मजा येत नाही, तरी प्यावीशी वाटते.’ घरच्यांना ही थाप वाटते. ती थाप नाही. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलं की ‘आवडणं’ आणि ‘हवंसं वाटणं’ या मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणा आहेत, आणि व्यसनात हवंसं वाटणारी यंत्रणा वाढत जाते, आवडण्याची वाढेलच असं नाही. नवऱ्याने पुन्हा पिताना चेहऱ्यावर आनंद नव्हता असं तुम्ही लिहिलंय. ते निरीक्षण बरोबर आहे. त्याला खोटारडेपणा किंवा हट्ट समजू नका.

आता दुसरा भाग. आतापर्यंत ‘ओढ’ सांगितली, पण मागून ढकलणारी गोष्टही असते. दारू मेंदूतल्या दाबणाऱ्या गाबाच्या संदेशांना बळ देते आणि उत्तेजक ग्लुटामेटच्या एका महत्त्वाच्या ग्राहकाला, एनएमडीएला, अडवते. हे अडवणं डेव्हिड लव्हिंजर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं. मेंदू गप्प बसत नाही. रोज कुणी बाहेरून दार लोटत असेल तर आतला माणूस जसा खांदा लावून रेटा देतो, तसा मेंदू गाबाचा प्रतिसाद कमी करून आणि एनएमडीएचं काम वाढवून समतोल राखतो. एकेदिवशी बाहेरचा हात अचानक निघाला की आतला माणूस कोसळतो. दारू अचानक बंद केल्यावर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, धडधड, चिडचिड आणि काहींना फिट येते, ती यामुळे.

हा भाग लक्ष देऊन वाचा. फिट बहुधा शेवटच्या घोटानंतरच्या ६ ते ४८ तासांत येते. त्यानंतर, साधारण दोन ते चार दिवसांनी, काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी फार वाढते. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस त्यात दगावू शकतो. म्हणून जो रोज भरपूर पितो त्याने इच्छाशक्तीच्या जोरावर घरीच एका रात्रीत बंद करणं धोकादायक आहे. आधी कधी फिट आली असेल तर घरी प्रयत्न करूच नका. रुग्णालयात काही दिवस योग्य औषधं उतरत्या मात्रेत दिली जातात आणि हा काळ बहुतेकांचा सुखरूप जातो.

तुमच्या पतींच्या बाबतीत मला ज्या गोष्टीची जास्त काळजी वाटते ती ही की, असं बंद-सुरू बंद-सुरू होण्याची स्वतःची किंमत असते. १९७८ मध्ये जेम्स बॅलेंजर आणि रॉबर्ट पोस्ट यांनी मांडलं की प्रत्येक वेळच्या बंदीनंतरचा त्रास पुढच्या वेळचा त्रास वाढवू शकतो. प्राण्यांत हे चांगलं दिसलंय आणि दवाखान्यातही दिसतं. ज्यांनी पहिल्या खेपेला फक्त थोडी थरथर अनुभवली, त्यांतल्या काहींना चौथ्या-पाचव्या खेपेला फिट येते. म्हणून ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ या भरवशावर पुढची बंदी घरी करू नका.

फिट आणि थरथर आठवडाभरात जातात, पण काही अस्वस्थता मागे राहते. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग भीती आणि ताण सांभाळतो. उंदरांत दारूच्या बंदीत चिंता वाढते तेव्हा या भागातल्या फांद्यांवरचे काटे कमी झालेले आढळतात. गंमत म्हणजे इथे बदलाची दिशा उलटी आहे, स्ट्रायटमच्या ‘कर’ मंडलात जोडण्या पक्क्या होतात तर इथे विरळ. शिकागोतल्या सुभाष पांडे यांच्या गटाने यामागची जनुकीय यंत्रणा शोधण्यात अनेक वर्षं घालवली. त्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की किशोरवयात दारू मिळालेल्या उंदरांच्या अमिग्डालात एका जनुकाच्या नियंत्रण-जागेवर नेमका बदल केला तर मोठेपणीची चिंता आणि पिणं, दोन्ही कमी होतात. माणसांसाठी असा उपचार आज नाही. पण यातून कळतं ते असं की बंदीनंतरची उदासी, अकारण भीती, छोट्या गोष्टींचा मोठा राग यांना पेशीतला आधार आहे. तो माणूस त्या काळात स्वतःच्या मनापासून पळत असतो, आणि त्याला ठाऊक असलेला सगळ्यात जलद उपाय बाटली हाच असतो. एक मंडल खेचतं, दुसरं ढकलतं.

त्यात तिसरी अडचण: थांबायला सांगणारा भाग म्हणजे कपाळामागचं बाह्यक, आणि मघाशी सांगितलेली पेशींची आणि तंतूंची झीज तिथेच जास्त दिसते. निर्णय घेण्यासाठी ज्या भागावर विसंबायचं तोच काही महिने थकलेला असतो. ‘थोडा निश्चय केला असता तर’ असं सुचवणाऱ्यांना मी हे सांगत राहतो. निश्चय लागतो, तो नसेल तर उपचारही चालत नाहीत. पण निश्चय ज्या अवयवात राहतो त्याची अवस्था लक्षात घेऊनच त्याच्याकडून अपेक्षा करायला हव्यात.

मग बरं होतं का? होतं, आणि बऱ्यापैकी होतं. २००७ मध्ये जर्मनीतल्या बार्च यांच्या गटाने व्यसनी रुग्णांचे एमआरआय केले तेव्हा सहा-सात आठवड्यांच्या बंदीनंतर मेंदूचं आकारमान सरासरी जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. लक्ष, चटकन विचार करणं, आकडेमोड हे पुढच्या काही महिन्यांत सुधारतं. झोप मात्र सर्वांत हट्टी. ती पुरी नीट व्हायला कित्येकदा वर्षभर जातं, आणि तोवर रुग्णाला ‘झोपेपुरती एक’ची फार आठवण येते. वय जास्त असेल, पिणं दीर्घ असेल, तर सुधारणा हळू आणि कमी होते. मेलेल्या पेशी जवळजवळ कुठेच भरून येत नाहीत, पण जिवंत पेशींच्या फांद्या आणि तंतू पुन्हा वाढतात, आणि आकारातला मोठा फरक तिथलाच असतो.

आता इथे तुमच्या दीड-दोन महिन्यांकडे या. मेंदूचा आकार सुधारतो, चेहरा उजळतो, घरात हसू येतं, ते याच काळात. पण स्ट्रायटममधले पक्के काटे या वेळापत्रकाने जात नाहीत. शिकलेली गोष्ट मेंदूत टिकते, तीच त्यांची खासियत आहे. इतकंच नव्हे, तर बंदीनंतर काही काळ दारूशी जोडलेल्या गोष्टींकडे लागणारी ओढ कमी न होता वाढते, असं प्राण्यांत आणि माणसांतही पाहिलं गेलंय. शरीर जेव्हा ठीक होत असतं तेव्हाच ओढ चढत असते. बाहेरून पाहणाऱ्याला ‘काही कारण नव्हतं’ असं वाटतं, कारण कारण बाहेर नसतं. एखादी ओळखीची संध्याकाळ पुरते. म्हणून पहिले दोन-तीन महिने चांगले गेले म्हणून उपचार थांबवू नयेत. उलट तेव्हाच भेटी जवळजवळ ठेवाव्यात.

उपचारांचं थोडक्यात सांगतो. विड्रॉवल, म्हणजे दारू बंद केल्यानंतरचा त्रासाचा काळ, सुरक्षितपणे पार पाडणं ही फक्त सुरुवात. पुढे तलफ कमी करायला दोन औषधं मी सर्वांत आधी विचारात घेतो. नाल्ट्रेक्सोन हे मेंदूतले ओपिऑइड (अफूसारख्या रसायनांचे) ग्राहक अडवतं. दारूने सुखाच्या रसायनांचा जो फवारा उडतो त्याची धार बोथट होते, त्यामुळे पहिल्या पेगनंतर दुसरा मागणं कमी होतं. यकृत तपासून द्यावं लागतं, आणि माणूस ओपिऑइड वर्गातली वेदनाशामकं घेत असेल तर देता येत नाही. अकॅम्प्रोसेट ग्लुटामेटच्या बाजूचा खळबळाट शांत करतं, आणि ज्याने आधीच थांबवलंय त्याला थांबून राहायला मदत करतं. मूत्रपिंड ठीक हवीत. दोन्ही फार वापरली जात नाहीत, याचं मला दुःख आहे, कारण अनेक चाचण्यांत त्यांचा फायदा दिसलाय. अलीकडे वजन आणि मधुमेहासाठीच्या सेमाग्लुटाइडची दारूवर चाचणी झालीय. २०२५ मध्ये ४८ व्यक्तींच्या एका छोट्या अभ्यासात पिणं आणि तलफ कमी झाली. आशा आहे, पण एवढ्यावरून मी कोणाला ते सुचवणार नाही.

डायसल्फिराम तुम्ही ऐकलं असेल. दारू घेतली तर छातीत धडधड, उलटी, चेहरा लाल करणारं औषध. स्वतःच्या इच्छेने, समोर कुणी देत असताना घेणाऱ्याला ते उपयोगी पडतं. पण पतीच्या जेवणात किंवा चहात गुपचूप मिसळू नका. बायकांना अनेकदा हा सल्ला मिळतो. त्याला माहीत नसताना त्याने भरपूर प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि कळलं की त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो, तो परत मिळवणं औषधाहून कठीण.

औषधाबरोबर समुपदेशन हवंच, आणि इथे पेशींचं ज्ञान प्रत्यक्ष कामी येतं. ज्या मंडलाने खास संदेश ऐकायला शिकलं आहे, त्याला समजावून सांगून फार होत नाही. संदेश बदलावे लागतात. त्याच खुर्चीत, त्याच वेळी, त्याच माणसांसोबत बसून ‘नको’ म्हणत राहणं म्हणजे पक्क्या झालेल्या प्रत्येक काट्यावर पुन्हा पुन्हा ठोकणं. संध्याकाळच्या त्या तासात दुसरीकडे असणं, पैसे हातात न ठेवणं, ठराविक फोन न घेणं या गोष्टी साध्या वाटतात, पण पहिल्या वर्षात त्या उपचाराचा गाभा असतात. नवं काही शिकणं, नवी माणसं जोडणं, काम बदलणं यांनीही वेगळ्या जोडण्या तयार होतात. जुन्या पुसल्या जात नाहीत, त्यांच्याशेजारी दुसऱ्या उभ्या राहतात, आणि त्यांना वेळ लागतो.

तो घसरला तर काय करायचं, तेही ठरवून ठेवा. एका संध्याकाळी प्यायला म्हणजे सगळं वाया गेलं नाही. तेव्हा लगेच, दुसऱ्या दिवशीच, डॉक्टरांना फोन करा. एका संध्याकाळचा आठवडा होऊ देणं हे जास्त नुकसानीचं असतं, कारण मघाशी सांगितलेलं चक्र पुन्हा सुरू होतं, आणि पुढची बंदी पहिल्यासारखी सोपी नसते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कधीतरी थोडी चालेल का. ज्याला व्यसन नाही अशा माणसाला मी वेगळं उत्तर देईन, जरी २०२२ मध्ये ब्रिटनच्या ३६ हजारांहून जास्त प्रौढांच्या एमआरआयमध्ये रोजच्या थोड्या पिण्याशीही मेंदूच्या आकारमानातली घट जोडलेली दिसली. तुमच्या पतींसाठी माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. त्यांच्या मेंदूत ‘कर’ म्हणणाऱ्या जोडण्या ज्या तीव्रतेने तयार झाल्यात, त्यांना जागं करायला एक पेग पुरतो. काहींना नियंत्रित पिणं जमतं, पण ते बहुतेक कमी काळ आणि कमी प्रमाणात प्यायलेले असतात. बारा-तेरा वर्षं भरपूर पिऊन, विड्रॉवलचा त्रास अनुभवून, वारंवार परत सुरू केलेला माणूस त्यांत मोडत नाही. हे त्यांना तुम्ही सांगू नका, कारण तुमच्या तोंडून ते आज्ञेसारखं ऐकू येईल. पुढच्या भेटीला दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, आणि हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारू दे.